बसायला पोतं

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बेंबळीतल्या एका कोरड्या विहिरीतून मी पोतं वर काढलं. आत कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याची पाच पिल्लं, सगळ्या माद्या. चार मेलेल्या. पाचवीला जगवलं, तिला घास घातल्याशिवाय मी एकही उपास सोडत नाही.

तीन वर्षांनी ही जात जपायला गावात मंडळ निघालं. अध्यक्ष श्रीपतराव दारी आले, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "वैनी, पैदाशीला अशीच मादी पाहिजे. मंडळाला द्या. कुठं घावली?"

"कुणीतरी विहिरीत टाकलेली."

"अरारा! टाकणाऱ्याला जोड्यानं हाणलं पाहिजे!"

"बसा की," म्हणत मी तिच्या अंगाखालचं तेच पोतं त्यांना अंथरलं.


त्यावर रंगवलेलं त्यांचं नाव अजून पुसलं नव्हतं.