कंपासची अक्षरं

दोंडाईचाचे लोटन पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवत, त्या बोरूच्या डौलदार वळणात. त्यांचा पोरगा पुना मात्र मुंबईची नवी फॅशन बघून पट्टी-कंपासनं अक्षरं काढू लागला. नुसते गोल आणि सरळ रेघा.

"ह्या अक्षरं नहीत, गाडाना चाकं शेतस!" म्हणत लोटननं एक दिवस त्याला घराबाहेर काढलं.

पुढे एकोणचाळीस साली धुळ्यातल्या नव्या टॉकीजच्या मालकाचं तातडीचं बोलावणं आलं. लोटन तिथं पोचले आणि दारावरच्या पाटीकडे बघतच राहिले. गोल, ठसठशीत अक्षरं उन्हात अशी झळकत होती, की जाणारे-येणारे थबकत होते. शेवटचं एक अक्षर तेवढं बाकी होतं.

लोटन मालकाकडे वळले.

"भाऊ, हाऊ मना पोऱ्याना हात शे! कितलं झकास लिखं शे! बलावा त्याले, मी घर लई जास."

मालकानं मान खाली घातली.



"आबा, तो परवा परांचीवरून पडला... जाताना एवढंच म्हणाला, राहिलेलं अक्षर आमच्या आबांना काढू द्या, त्यांच्या वळणानं."