नवलची ट्रंक

डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला असलेला नवल दिवाळीच्या सुट्टीत सारंगखेड्याला आला, तो ट्रंकेत माणसाची खरी हाडं घेऊनच. एक हात आणि एक पाय, कॉलेजनं अभ्यासाला दिलेले. दार लावून तो त्यांची इंग्रजी नावं घोकायचा. एकदा मळ्यातून परतला, तर ट्रंक रिकामी.

"माय, हाडके कोठे गयात? मन्ही परीक्षा शे!"

"बिचाराले कोणी वाली नव्हता. बामनले बलाईसन तापीमा सोडी उनू," भिकुबाईनं चुलीपुढून न उठता सांगितलं.

नवलनं कपाळाला हात लावला. तो परत निघाला तेव्हा मायनं त्याच ट्रंकेत लाडू भरले आणि हळूच बजावलं,



"पुढली सुट्टीले त्याना दुसरा हात-पाय बी लई येजो. नहीते सरगमा तो एक पायवर कसा चाली?"