भिंतीवरचा नमुना अर्ज

नर्सच्या ट्रेनिंगचा अर्ज पास झाला तर रुखमा भंडाऱ्याच्या होस्टेलात जाणार होती. नाही तर अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलेलंच होतं.

तालुक्याच्या हापिसात भिंतीवर नमुना अर्ज चिकटवला होता, पण त्यात जन्मतारीखच नव्हती. तो पाहून लिहिलेले पोरींचे अर्ज वापस येऊन राहिले होते. रुखमाचा तर दोनदा आला. तिचं डोस्कं सणकलं.

"नमुनाच चुकीचा लावता, अन् आमाले कायले फिरवता?"

तिथंच बसून तिनं नवा नमुना लिहिला, आपलंच नाव, गाव अन् जन्मतारीख टाकून. चपराशी तुलारामनं तो भिंतीवर लावला. त्यावरून आंधळगावच्या चार पोरी पास झाल्या.

बापाले पुन्हा कसंबसं मनवून, नव्या अर्जावर त्याची सही घेऊन रुखमा शेवटच्या तारखेला आली, तवा खिडकी बंद व्हायचा टाइम झाला होता. नव्या बाबूनं तिचा अर्ज पाहिला, मग भिंतीकडं पाहिलं, अन् कागद वापस सरकवला.

"पोरी, नमुना पाहून लिहायचं असते, त्यातलं नावबी उतरवायचं नसते. जा, आपलं स्वतःचं नाव टाकून आण."