पाइपवरचे ठोके

खालून टण्णकन ठोका आला आणि क्युब्लरची बोटं पियानोवर जागीच थांबली.

"पुन्हा पांढरी दाबली," तो स्वतःशीच पुटपुटला. तिथं काळी पट्टी हवी होती.

ठोका खालच्या मजल्यावरच्या राऊबाईंचा. एबरहार्ड क्युब्लरने सत्तरी ओलांडल्यावर पियानो शिकायला घेतला तेव्हापासून, त्याचा सूर चुकला की त्या आपल्या स्वयंपाकघरातल्या हीटरच्या, थेट वरच्या मजल्यावर जाणाऱ्या पाइपवर पळी हाणायच्या. एका चुकीला एक ठोका. जन्मभर चर्चमध्ये गायलेल्या बाईचा कान तो, त्यातून काही सुटत नसे. जिन्यात भेटल्या तर हवापाण्याचं बोलायच्या, पळीबद्दल चकार शब्द नाही. क्युब्लर चडफडायचा. पण खरं सांगायचं तर त्याचं वाजवणं इतकं मन लावून दुसरं कुणी ऐकत नव्हतं. पोटचा मुलगासुद्धा फोनवर "वा, वा" म्हणून विषय बदलायचा.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये पियानो शिकणाऱ्यांचा कार्यक्रम होता आणि क्युब्लर त्यात एक वॉल्ट्झ, म्हणजे नाचाची धून, वाजवणार होता. सगळी शाळकरी पोरं आणि त्यांच्यात हा एकटा पांढऱ्या केसांचा. त्याची शिक्षिका नातीच्या वयाची, पण तोंडाने फटकळ. काल तिने सरळच सांगितलं होतं, "क्युब्लरसाहेब, वॉल्ट्झ अडखळणार असेल तर या खेपेला राहू द्या. लोक टाळ्या देतील हो, पण दयेच्या." ते त्याला फार झोंबलं. राऊबाईंचा एकही ठोका न पडता वॉल्ट्झ पहिल्यापासून शेवटपर्यंत गेला, तरच रविवारी जायचं, असं त्याने ठरवून टाकलं. आज शुक्रवार होता.

त्याने पुन्हा सुरुवात केली. अवघड जागा आली, काळी पट्टी बिनचूक लागली, बोटं पुढे सरकली.

टण्ण.

"आता काय?" त्याने चष्मा सरकवून समोरचा कागद पाहिला. सगळं बरोबर होतं. तो भाग पुन्हा वाजवला. टण्ण, टण्ण. मग बराच वेळ काही नाही आणि मग परत एक. सुरांशी त्याचा काही संबंधच लागेना.

"राऊबाई, बरोबर आहे हो!" तो जमिनीकडे तोंड करून ओरडला. "कान तपासून घ्या!"

उत्तरादाखल ठोक्यांची झड लागली. आता मात्र तो पेटला. बाईंनी आजवर खोटा ठोका कधी मारला नव्हता. आपल्याला जमायला लागलं ते त्यांना बघवत नाही, दुसरं काय! त्याने बाह्या सारल्या, पेडल दाबलं आणि वॉल्ट्झ असा दणक्यात वाजवला की खिडकीच्या काचा थरथरल्या. एकही सूर ढळला नाही. शेवट आला तेव्हा खालचा पाइप गप्प होता.

"कशी जिरवली!" क्युब्लर म्हणाला. कितीतरी वर्षांत त्याला इतका आनंद झाला नव्हता.

एक वाजला तसं त्याने पियानोचं झाकण लावलं. एक ते तीन ही साऱ्या इमारतीची विश्रांतीची वेळ. त्या वेळात तिथं कुणी खिळा ठोकत नाही, वाद्य वाजवत नाही, शेजाऱ्याची घंटा तर मुळीच वाजवत नाही. तो मसुराची वाटी घेऊन जेवायला बसला तोच पाइप पुन्हा वाजला. हळूच, एकदा. क्युब्लरने घड्याळाकडे पाहिलं आणि त्याला हसूच फुटलं. राऊबाई, आणि विश्रांतीच्या वेळात! साऱ्या इमारतीला नियम शिकवणाऱ्या राऊबाई! तीन वाजले की खाली जाऊन चांगलं सुनवायचं, असं म्हणत तो चवीने जेवला.

तीन वाजता त्याने खाली जाऊन घंटा वाजवली. दार उघडलं नाही.

"रुसा खुशाल," तो बंद दाराला म्हणाला. "पण रविवारी ऐकायला या."

तिथून तो थेट चर्चच्या हॉलमध्ये गेला, तिथल्या पियानोवर हात बसवायला. शनिवारीही दिवसभर तिथंच होता.

रविवारी वॉल्ट्झ सुरेख झाला. पोरांच्या आया उठून उभ्या राहिल्या. टाळ्या दयेच्या नव्हत्या, एवढं त्याला कळत होतं. वाकून नमस्कार करताना तो मागच्या रांगांत राऊबाईंना शोधत होता.

त्या इमारतीत जिना झाडायची पाळी ज्याची, त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते आणि आठवडा संपला की तो ती शेजारच्या दाराला लावतो. सोमवारी ती अजून राऊबाईंच्याच दाराला होती आणि पायऱ्यांवर धूळ. बाई इतके दिवस दिसल्या नाहीत याची कुणाला काळजी वाटली नव्हती. पाटी हलली नाही म्हटल्यावर मात्र सगळे घाबरले. पोलिसांनी कुलूपवाला आणून दार उघडलं.

थोड्या वेळाने एक पोलीसबाई टोपी हातात घेऊन वर आली.

"हीटरपाशी पडल्या होत्या," ती म्हणाली. "कमरेचं हाड मोडलेलं. पळी हातातच होती. पाइपचा रंग पार उडवलाय त्यांनी. डॉक्टर म्हणतात, शनिवारपर्यंत तरी जीव होता. क्युब्लरसाहेब, तुम्ही तर बरोबर वरच राहता. काही ऐकू आलं नाही?"

क्युब्लरने दाराची चौकट घट्ट धरली.

"आलं ना," तो म्हणाला. "पण माझं काहीच चुकलं नव्हतं."