उजवा कौल

मालवणला बाजाराला गेला की खाडीकाठचा शेतकरी गुरुदास आधी वाचनालयात शिरायचा आणि घरी येताना जिवाला नवा घोर लावून यायचा. इंग्लंडात सरकारला जाब विचारायला विरोधी पक्ष असतो, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षालाही पुन्हा मतं मागत फिरावं लागतं. आणि आपल्या गावात? स्वातंत्र्य आलं, ग्रामपंचायत आली, तरी अजून देवीला कौल लावायचा. मूर्तीवर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली की नाना सरपंच, तेही बिनविरोध! बांध फुटून खारं पाणी भातात शिरलं, तरी नानांना विचारणारा कुणी नाही.

यंदा देवळातल्या सभेत त्याला राहवेना. "विरोध करणारो कोणच नाय, तर ही लोकशाही कसली?" घसा बसेपर्यंत तो बोलत राहिला.

नानांनी तंबाखू मळता मळता मान डोलावली. "गुरुदासाचा म्हणणा खरा आसा. इंग्लंडात आसा, तर आपल्या गावातय विरोधी पक्ष होयोच!"

लगेच गुरवाने पाकळ्या लावल्या. नानांनी देवीला विचारलं, "विरोधी पक्ष म्हणान गुरुदास चलात काय गे माये?"

उजवी पाकळी पडली. साऱ्या गावाने हात वर करून एकमताने गुरुदासला विरोधी पक्ष नेमलं.

गुरुदास ताडकन उठला. "ह्यां माका अजिबात मान्य नाय!"



नानांनी गहिवरून देवीला हात जोडले. "माये, माणूस बरोबर निवडलंस!"