सगळ्यांनी खाली उतरा

शववाहिकेतला गॅस संपत आला होता आणि ती सीएनजी पंपाच्या रांगेत मधोमध अडकली होती. इंधनावरचा नवा कर सहा वाजता लागू होणार होता आणि जो तो त्याआधी टाकी भरून घ्यायला धावला होता. स्मशानातला माणूस सातला दाहिनी बंद करून कुलूप लावतो. वडिलांनी कालची रात्र इस्पितळाच्या शीतपेटीत काढली होती. आजची काढू द्यायची नाही, एवढंच मुलीच्या मनात होतं.

ती उतरली आणि पुढच्या गाडीच्या काचेशी वाकली. "दादा, आम्हाला पुढे जाऊ द्याल का? मागे वडील आहेत."

आतल्या चष्मेवाल्याने आरशातून शववाहिकेकडे पाहिलं. काच अर्धीच खाली केली. "वाईट झालं हो. पण ताई, आम्हाला सहाच्या आत भरायचंय. त्यांना आता कसली घाई?"

मागच्या रिक्षातून कुणीतरी हसलं.

"असं काय बोलता? माणूस आहे आत," ती म्हणाली.

शेवटी शाळेचा व्हॅनवाला खाली उतरला. त्याने एकेका काचेवर टकटक करून सगळ्यांची समजूत घातली. "सरकार आपल्याला जिवंतपणी सोडत नाही. निदान आपण मेलेल्याला तरी सोडू." हे बोलणं लोकांना आवडलं. गाड्या इंचाइंचाने कडेला सरकल्या. चष्मेवाला सर्वांत शेवटी सरकला. प्रत्येक गाडीपुढून जाताना मुलीने हात जोडले.

पंपावरच्या बाईने नळी उचलली, पण जोडली नाही. "इंजिन बंद करा. सगळ्यांनी खाली उतरा."

चालक उतरला. मुलीचे काका दाराला धरून हळूहळू उतरले.

"आत कोण राहिलंय?"

"कोण असणार बाई?" चालक म्हणाला. "गाडीवर लिहिलंय की."

"माणूस आत असला तर गॅस सोडता येत नाही. वर कॅमेरा आहे. मागे आमच्यातल्या एकीने झोपलेलं बाळ गाडीत राहू दिलं, तर तिला घरी बसवलं. मला नोकरी हवी आहे."

"अहो, पण ते..." मुलगी घुटमळली. मग तिने बाईच्या हातातल्या नळीकडे बघत म्हटलं, "ते माणूस नाहीत आता."

म्हटल्यावर तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

चष्मेवाला गाडीतून उतरून जवळ आला होता. "मघाशी तर माणूस आहे म्हणून नंबर घेतलात. काहीतरी एक धरा ना ताई. माणूस असेल तर उतरवा. नसेल तर रांगेत मागे जा."

तो आवाज चढवून बोलला नव्हता. त्याच्या बोलण्यात खोट काढावी असं कुणालाच वाटलं नाही. सगळ्यांनी मनगटावर मात्र नजर टाकली.

"उतरवू या गं," काका हळूच म्हणाले. "मिनिटाचं काम आहे. दादाला काय कळतंय आता."

चौघं पुढे आले. वाईट माणसं नव्हती ती. व्हॅनवाल्याने चपला बाजूला काढून ठेवल्या. "हळू. डोकं सांभाळा," असं ते एकमेकांना सांगत राहिले. ऑइलने काळ्या झालेल्या सिमेंटवर स्ट्रेचर टेकवण्याआधी रिक्षावाल्याने आपलं पुसायचं फडकं तिथे अंथरलं. वाऱ्याने चादर फडफडू लागली तशी मुलगी उकिडवी बसली आणि तिने कड पायाखाली दाबून धरली.

बाईने नळी जोडली. काटा जेमतेम हलला, आणि पंपाचे सगळे आकडे एकदम विझले. पुन्हा लागले तेव्हा दर नवा होता.

रांगेतून आरडाओरडा उठला. मुद्दाम वेळ काढला म्हणाले, चोर आहेत सगळे म्हणाले. चष्मेवाल्याची टाकी तशीच राहिली होती. तो तरातरा मुलीकडे निघाला होता, पण स्ट्रेचरजवळ येऊन थबकला. त्याचा आवाज एकाएकी मऊ झाला.

"आता एकही गाडी भरायची नाही," तो सगळ्यांना म्हणाला. "आज यांच्यावर आली, उद्या आपल्यावर. काढा ती नळी."

व्हॅनवाल्याने आपली व्हॅन बाहेर पडायच्या वाटेवर आडवी लावली. कुणीतरी ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर जाड अक्षरांत लिहिलं, 'दरवाढीचा बळी'. पुठ्ठा वडिलांच्या छातीवर ठेवला. उडू नये म्हणून त्यावर ऑइलचा डबा ठेवला.

"गेले कशाने?" एकाने विचारलं.

"झोपेत गेले," काका म्हणाले. "वय झालं होतं."

"ते इथे कुणाला सांगू नका."

चालकाचा फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवून मुलीला विचारलं, "स्मशानातून आहे. विचारतायत, थांबू का जाऊ?"

"थांबा म्हणावं. निघालोच म्हणावं." ती व्हॅनवाल्याकडे वळली. "दादा, वाट द्या ना. पाया पडते."

"ताई, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं." त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "दोन फोटो होऊ देत. लगेच सोडतो."

"नक्की सोडाल?"

"शब्द आहे माझा."

चष्मेवाला फोन उभा धरून मागे मागे गेला, वरचा दराचा फलक चौकटीत मावेपर्यंत.

"तोंडावरची चादर काढा," तो म्हणाला. "अजून थोडी. हं. आता तुम्ही वर आकड्यांकडे बघा, ताई. रडू नका. रागाने बघा."