हिरवा हातपंप

पाण्यात आर्सेनिक सापडलं की तहमिना त्या हातपंपाला लाल रंग द्यायची, पाणी चांगलं निघालं तर हिरवा. लाल पंपाच्या पाण्यानं नवरा गमावलेली जयगुन तिला हसत हसत सांगत होती, "आपा, धाकट्या लेकीचं, मोमेनाचं, लग्न ठरवताना मी ना मुलाचं रूप बघितलं, ना जमीनजुमला. दारचा पंप हिरवा दिसला आणि म्हटलं, कबूल!"

पुढच्या आठवड्यात तहमिना पाणी तपासायला मोमेनाच्या सासरी गेली. पंपाचा हिरवा रंग जरासा उडाला होता. तिनं नखानं खरवडलं, तर आतून लाल निघाला.

सासूनं झटकन तिचा हात धरला. "हळू, आपा! लाल पंपाच्या घरात पोरगी देतं का कुणी? माझ्या लेकाला काय जन्मभर बिनलग्नाचा ठेवू?"

"अहो, पण पोरगी हेच पाणी पिते ना?"

"मग आम्ही काय सरबत पितो?"

तेवढ्यात पोटुशी मोमेना पेला भरून घेऊन आली. "प्या ना, आपा. आणि अम्माला सांगा, काळजी करू नको म्हणावं. मी आता दोघांपुरतं पिते."